तळ्यातला राक्षस आणि नाव हरवलेला सिनेमा: ऐंशीच्या दशकातले अनोळखी साहसपट कसे शोधावेत

लहानपणी कॅसेटवर पाहिलेल्या एका सिनेमाचं नाव काय आणि असे सिनेमे शोधायचे कसे, असं तुम्ही विचारलंत. तुमचा सिनेमा बहुधा ‘फ्रॉग ड्रीमिंग’ आहे. ऑस्ट्रेलिया, १९८६, दिग्दर्शक ब्रायन ट्रेन्चर्ड-स्मिथ. खात्रीसाठी एकच विचारतो: सिनेमातल्या मुलाकडे रेल्वेच्या रुळांवरून चालणारी सायकल होती का? तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही, पण हा सिनेमा पाहिलेली माणसं ती सायकल सहसा विसरत नाहीत. आठवत असेल तर तुमचा शोध संपला.

तुमचा दुसरा प्रश्न मोठा आहे. असे सिनेमे शोधायचे कसे? इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो. १९९० च्या आसपास, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मिरजेला मामांकडे व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेला इंग्रजी सिनेमा. आई-वडील नसलेला एक मुलगा. रानातलं एक तळं, त्यातून येणारे बुडबुडे, पाण्याखाली राक्षस आहे अशी गावात बोलवा. शेवटी पाण्यातून लोखंडाचं काहीतरी प्रचंड वर येतं. पडद्याच्या खालच्या बाजूला सतत ‘उर्दूसारखी’ अक्षरं. नाव आठवत नाही, नटांची नावं माहीत नाहीत, आणि ताई म्हणते की असा सिनेमा नव्हताच, तुला स्वप्न पडलं असेल.

ताईंना सांगा, स्वप्न नव्हतं. आणि तुम्ही इतकी वर्षं शोधत होतात ते चुकीच्या टोकाकडून. ‘मुलगा, तळं, राक्षस’ असं लिहून शोधलंत, म्हणजे गोष्टीवरून शोधलंत. व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर उभा राहायचो तेव्हापासून मी लोकांचे हरवलेले सिनेमे शोधतो आहे, आणि माझा अनुभव असा की गोष्ट हा आठवणीतला सगळ्यात कच्चा धागा असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनात भीतीची पाच मिनिटं राहतात, बाकीचं दीड तास ते मूल नंतर स्वतः रचतं. दोन सिनेमांची एक गोष्ट होते. शेवट बदलतो. याउलट कोणाच्या घरी पाहिला, टीव्ही कसा होता, कॅसेट कोणी आणली, शाळेतून नेलं होतं की घरचे बरोबर होते, हे सगळं पक्कं राहतं, कारण ते आपल्या आयुष्यात घडलेलं असतं. म्हणून मी आधी सिनेमा आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला ते शोधतो. वाट कळली की शेकडो सिनेमांचे चाळीस-पन्नास उरतात, आणि मग गोष्ट कामाला येते.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा दुवा होता ती ‘उर्दूसारखी’ अक्षरं. तो अरबी मजकूर असणार. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे आलेल्या परदेशी कॅसेटींपैकी पुष्कळ आखातातून येत. कोणाचा भाऊ मस्कतला, कोणाचे जावई दुबईला. येताना व्हीसीआर आणि सोबत पाच-सात कॅसेटी. तिथे इंग्रजी सिनेमांना अरबी सबटायटल्स असत आणि त्या पट्ट्यांवरून इथे नकला निघत. दुबई, मस्कत, कुवेत इथली टीव्हीची प्रसारणपद्धत ‘पाल’ (PAL) होती, भारताचीही पाल. अमेरिकेची एनटीएससी. तिथली कॅसेट आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर आणि टीव्हीवर नीट चालत नसे. म्हणून त्या काळी घरी कॅसेटवर पाहिलेला इंग्रजी सिनेमा अमेरिकन असला, तरी त्याची नक्कल सहसा ब्रिटन, आखात, सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलिया अशा पाल प्रदेशातून आलेली असते.

याचा परिणाम थेट नावावर होतो. ‘फ्रॉग ड्रीमिंग’ अमेरिकेत ‘द क्वेस्ट’ या नावाने लागला आणि ब्रिटनमध्ये ‘द गो किड्स’ या नावाने. तीन देश, तीन नावं, तीन वेगळी पोस्टर्स. मिरजेच्या त्या कॅसेटवर कोणीतरी पेनाने नाव लिहिलं असेल तर ते ‘गो किड्स’ असण्याची शक्यता मी जास्त धरीन. ‘द क्वेस्ट’ म्हणून शोधलंत तर त्या नावाचे इतके सिनेमे निघतात की हा त्यात बुडूनच जातो. संगीतकारावरून जायचं म्हटलं तर तिथेही फसगत आहे. श्रेयनामावलीत ब्रायन मे हे नाव दिसतं, पण हे ऑस्ट्रेलियन संगीतकार ब्रायन मे. क्वीन या बँडमधले गिटारवादक ब्रायन मे वेगळे.

आता ऑस्ट्रेलियाच का, हे सांगायला थोडं थांबतो, कारण या दशकातले इतके सिनेमे अनोळखी का राहिले त्याचं उत्तर इथे आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाने आयकर कायद्यात १०बीए नावाची तरतूद आणली. सिनेमात पैसे घालणाऱ्याला गुंतवणुकीच्या १५० टक्के वजावट मिळे, शिवाय त्या सिनेमातून आलेल्या उत्पन्नाचा काही भाग करमुक्त. १९८३ मध्ये हे प्रमाण १३३ टक्क्यांवर आलं, १९८५ मध्ये १२० वर. या सवलतीमुळे डॉक्टर, वकील, व्यापारी असे सिनेमाशी काहीही संबंध नसलेले लोक पैसे घालू लागले आणि सिनेमांचा पूर आला. त्यातले कितीतरी थेटरात जेमतेम लागले आणि सरळ व्हिडिओच्या बाजारात गेले. परदेशात विकले जावेत म्हणून एखादा अमेरिकन चेहरा घेत. ‘फ्रॉग ड्रीमिंग’मधला मुलगा हेन्री थॉमस आहे, म्हणजे १९८२ च्या ‘ई.टी.’मधला एलियट. ऑस्ट्रेलियन गावात एकटाच अमेरिकन मुलगा का, हा प्रश्न तुम्हाला तेव्हाही पडला असेल. कथेत त्याचं कारण अनाथपण आणि ऑस्ट्रेलियातला पालक असं दिलं आहे.

हे सगळे सिनेमे केवळ हिशेबापोटी झाले असं मात्र मला वाटत नाही. ट्रेन्चर्ड-स्मिथ यांनीच १९८३ मध्ये ‘बीएमएक्स बँडिट्स’ केला होता, त्यात किशोरवयातली निकोल किडमन आहे. मुलांना सायकली द्या, मोकळं रान द्या आणि मोठ्यांना थोडं बाजूला ठेवा, हे त्यांना फार छान जमत असे. ‘फ्रॉग ड्रीमिंग’ लिहिणारे एव्हरेट डी रोश हे भयपटांचे लेखक. तळ्याच्या प्रसंगांत तुम्ही घाबरलात ते उगाच नाही. व्हिक्टोरिया राज्यातली पाण्याने भरलेली एक जुनी दगडखाण ट्रेन्चर्ड-स्मिथ यांनी तळं म्हणून वापरली आहे, आणि पाण्यावरचं धुकं, शांतता आणि मधूनच येणारे बुडबुडे यांवर सिनेमाचा मोठा भाग पेलला आहे.

इतर देशांतही असेच प्रवाह होते. एकदा ते माहीत झाले की शोध फार सोपा होतो.

ब्रिटनमध्ये १९५१ पासून चिल्ड्रन्स फिल्म फाउंडेशन होतं. शनिवारी सकाळी मुलांसाठी थेटरात खास खेळ होत, त्यांच्यासाठी ही संस्था जेमतेम तासाभराचे सिनेमे काढी. पैसा तिकिटांवरच्या इडी लेव्ही नावाच्या करातून येई. १९८५ मध्ये तो कर बंद झाला आणि हा झरा आटला. तुमच्या आठवणीतला सिनेमा ‘लवकर संपला’ असेल, मुलं ब्रिटिश बोलत असतील आणि चोर पकडणं किंवा युद्धकाळ असा विषय असेल, तर आधी इथे पाहा. १९८२ चा ‘फ्रेंड ऑर फो’ घ्या: महायुद्धात खेड्यात पाठवलेल्या दोन मुलांना पडलेल्या जर्मन विमानातली माणसं सापडतात. या संस्थेचे बरेच सिनेमे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने डीव्हीडीवर संच करून काढले आहेत.

कॅनडात, क्युबेकमध्ये, निर्माते रॉक डेमर्स यांनी १९८४ पासून ‘सर्वांसाठी गोष्टी’ अशा अर्थाच्या नावाने एक मालिकाच सुरू केली. पहिला सिनेमा बर्फातल्या मुलांच्या लढाईचा, ‘द डॉग हू स्टॉप्ड द वॉर’. पण लोक सगळ्यात जास्त ज्याला स्वप्न समजतात तो १९८५ चा ‘द पीनट बटर सोल्यूशन’, दिग्दर्शक मायकेल रुब्बो. जळक्या घरात भीतीने एका मुलाचे केस गळतात, भुतं त्याला केस वाढवण्याची कृती सांगतात, मग केस थांबतच नाहीत, आणि चित्रकलेचा मास्तर मुलांना पळवून नेऊन त्या केसांचे कुंचले बनवायला लावतो. ही गोष्ट कोणी सांगितली तर घरचे हसणारच. पण सिनेमा खरा आहे, त्यात तरुण सेलीन डिऑनने गायलेली गाणी आहेत, आणि तो ब्ल्यू-रेवर मिळतो.

सोव्हिएत सिनेमांची वाट आपल्याला जास्त जवळची. सोवेक्सपोर्टफिल्म ही त्यांची वितरणसंस्था भारतात काम करत होती, आणि मॉस्कोचा गॉर्की स्टुडिओ मुलांच्या चित्रपटांसाठीच ओळखला जाई. १९८५ ची पाच भागांची ‘गेस्ट फ्रॉम द फ्युचर’ ही मालिका तिथलीच. परदेशी मुलांचा सिनेमा होता पण इंग्रजी नव्हता, रंग जरा फिके होते, विनोद वेगळाच होता, असं कोणी सांगितलं की मी आधी इकडे वळतो. १९८७ चा ‘मिओ इन द लँड ऑफ फारअवे’ स्वीडन, नॉर्वे आणि सोव्हिएत युनियन यांनी मिळून केला. दिग्दर्शक रशियन, मूळ पुस्तक स्वीडिश लेखिका आस्त्रिद लिंडग्रेन यांचं, खलनायक क्रिस्टोफर ली आणि मिओचा मित्र म्हणजे छोटा क्रिश्चन बेल. असा सिनेमा देशावरून शोधायला गेलात तर हाती लागत नाही. बालनटावरून गेलात तर लगेच सापडतो.

जपानचं एक उदाहरण आवर्जून देतो. मांजराचं पिल्लू आणि कुत्र्याचा प्रवास दाखवणारा ‘कोनेको मोनोगातारी’ १९८६ चा. इंग्रजीत तो १९८९ मध्ये ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ मायलो अँड ओटिस’ म्हणून आला, तेव्हा सुमारे पाव तास कापलेला होता आणि निवेदन नवं होतं. एखादा प्रसंग तुम्हाला ठामपणे आठवतो आणि सापडलेल्या प्रतीत तो नाही, म्हणून लगेच सिनेमा बाद करू नका. दुसरी प्रत असू शकते. लांबीचंही तसंच. पाल पद्धतीत सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रांच्या वेगाने धावतो, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. एवढा फरक म्हणजे काहीच नाही.

भारतातल्या वाटांबद्दल. शाळेच्या गणवेशात, रांगेत, सकाळच्या खेळाला थेटरात नेलं होतं असं आठवत असेल तर बहुतेक बालचित्र समितीचा सिनेमा. ही संस्था १९५५ ची, मुख्यालय मुंबईत; शाळांसाठी सवलतीत खेळ होत आणि तिचे सिनेमे दूरदर्शनवरही लागत. भाषा हिंदी आणि नट अनोळखी, म्हणून लोक ते ‘कुठलीतरी मालिका’ म्हणून लक्षात ठेवतात. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच वेळी त्यात गेलं. त्यामुळे जुन्या पत्त्यावर पत्र पाठवण्याऐवजी महामंडळाकडे चौकशी करा. संग्रहालयाला लिहिताना ‘लहानपणी पाहिलेला सिनेमा’ असं लिहू नका. शक्य ती नावं, साल, भाषा आणि तुम्हाला प्रत पाहायची आहे की फक्त माहिती हवी आहे, ते स्पष्ट लिहा. मुलांना लाल-हिरव्या चष्म्यातून भूत दिसल्याचं आठवत असेल तर तो बहुधा १९८४ चा मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचातन’, भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट, जो हिंदीत ‘छोटा चेतन’ झाला. चष्म्याच्या काचांचा रंग मात्र पुरावा म्हणून धरू नका, तो बहुतेकांच्या आठवणीत नंतर मिसळलेला असतो.

रंगाबद्दल आणखी एक. ‘सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता’ हे विधान मी कधीच जसंच्या तसं घेत नाही. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं, पण आपल्या गावांत घरोघरी काळे-पांढरे संच पुढेही बरीच वर्षं होते. सिनेमा रंगीत होता, टीव्ही नव्हता. सालाचंही असंच आहे. तुम्ही १९९५ मध्ये केबलवर पाहिलेला सिनेमा १९८५ चा असू शकतो. पाहिल्याच्या वर्षापासून मागे दहा वर्षं मोकळी ठेवा, पुढे एकही नाही. दूरदर्शनवर पाहिला असेल आणि साल-महिना थोडाफार माहीत असेल, तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या दैनिकांच्या फायली चाळा. ‘आजचे कार्यक्रम’ या चौकटीत सिनेमाचं नाव छापलेलं असे. काम कंटाळवाणं आहे, पण हातात येतो तो पुरावा छापील असतो.

प्रत्यक्ष शोधाला बसताना आधी कागदावर दोन रकाने करा. एकात डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात समजलेलं. ‘राक्षस होता’ हे समजलेलं. ‘पाण्यातून बुडबुडे येत होते’ हे पाहिलेलं. शोधायला पहिला रकाना वापरा. वस्तू घ्या, विशेषणं सोडा: खाण, तळं, पाण्यात उतरण्याचा पोशाख, रुळ, सायकल. भावंडांना विचारायचं असेल तर तुमची गोष्ट आधी सांगू नका, नाहीतर तीच गोष्ट त्यांच्या तोंडून परत येईल. त्यांना नुसतं विचारा, मामांकडे त्या सुट्टीत कोणकोणते सिनेमे पाहिले? मग देश आणि सालाचा पट्टा ठरवून त्या त्या वर्षीच्या त्या देशातल्या चित्रपटांची यादी काढा आणि सारांश ओळीने वाचत जा. एका देशाच्या एका वर्षाचे सिनेमे एका संध्याकाळी वाचून होतात. ‘फ्रॉग ड्रीमिंग’ १९८६ च्या ऑस्ट्रेलियन यादीत उघड्यावर पडलेला आहे. तिथे जाण्याचं कारण सापडलं की झालं. कॅसेटच्या सुरुवातीला त्रिकोणात ‘यू’ किंवा ‘पीजी’ अशी खूण पाहिल्याचं आठवत असेल तर तेही लिहून ठेवा. ब्रिटनने १९८४ च्या कायद्याने व्हिडिओंना प्रमाणपत्र सक्तीचं केलं, म्हणजे कॅसेट त्यानंतरची आणि ब्रिटनमधली.

सापडल्यासारखं वाटलं की पडताळणी करा. पोस्टर पाहून ‘हाच तो’ म्हणू नका. पोस्टर आठवणीला लगेच आपल्या बाजूने वळवून घेतं. जो तपशील तुम्ही कोणालाही सांगितलेला नाही, तो सिनेमात आहे का, ते पाहा. म्हणून मी सुरुवातीला सायकलीचं विचारलं. हल्ली लोक चॅटबॉटला विचारतात. त्याने सुचवलेलं नाव सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तो अस्तित्वात नसलेल्या सिनेमाचं नाव, साल आणि दिग्दर्शकही ठामपणे सांगतो. नाव मिळालं की किमान दोन स्वतंत्र ठिकाणी ते दिसतं का, ते तपासा, आणि शक्य तर त्यातलं एक ठिकाण म्हणजे त्या देशाचा राष्ट्रीय संग्रह असू द्या. ऑस्ट्रेलियासाठी कॅनबेराचं नॅशनल फिल्म अँड साउंड अर्काइव्ह.

मिळवायचा कसा, तर ‘फ्रॉग ड्रीमिंग’ चकतीवर निघालेला आहे. घेण्याआधी विभाग पाहा, म्हणजे चकती कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण. डीव्हीडीत भारत पाचवा विभाग, ऑस्ट्रेलिया चौथा, अमेरिका पहिला. ब्ल्यू-रेत भारत ‘सी’, ऑस्ट्रेलिया आणि युरोप ‘बी’, अमेरिका ‘ए’. सर्व विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर पैसे वाया जातील. मेलबर्न किंवा सिडनीला नातेवाईक असतील तर त्यांना तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारायला सांगा. चकत्या घरी नेता येतात.

आणि मामांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटींचं खोकं अजून आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंत, त्याबद्दल कळकळीने सांगतो: त्यातली एकही कॅसेट घाईने व्हीसीआरमध्ये घालू नका. खिडकीतून पट्टीच्या गुंडाळीची कड पाहा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. ती यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागत जाते. अशा कॅसेटी वेगळ्या कोरड्या पिशवीत ठेवा आणि पट्टी साफ करून देणाऱ्याकडेच द्या. स्वच्छ दिसतात त्याही पहिल्यांदा चालवाल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या, कारण जुनी पट्टी दुसऱ्या फेरीला तशीच साथ देईल असं नाही. उतरवून देणाऱ्याला सांगा की सुरुवातीच्या जाहिराती, मधला कोरा भाग, शेवटची खरखर काहीही कापू नको. टीव्हीवरून घरी भरलेल्या कॅसेटी असतील तर त्या आधी उतरवा. सिनेमा दुसरीकडे मिळू शकतो. त्याच्या आधीची निवेदिका, सांगलीच्या दुकानाची जाहिरात, मध्येच आलेली ‘व्यत्यय’ची पाटी मात्र दुसरीकडे कुठेही नसेल, आणि कॅसेटची तारीख ठरवायला पुढे तेच कामाला येतं.